मुंगसाचं पहिलं रीळ

एक

रीळ गेलं ते रविवारी भर दुपारी, माणसांनी भरलेल्या घरातून. एकोणीसशे शहात्तरचा एप्रिल चालू होता. लाईट गेलेली, पंखे बंद, आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. अशा वेळी चोरी करायची म्हणजे माणसाला गरजच तशी असली पाहिजे.

बोलावणं आलं तेव्हा दानम्मा हिरेमठ आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. त्या कॉलेजच्या ग्रंथपाल. एका जागी बसणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. वाचनालयातली त्यांची खुर्ची इतकी नवी दिसे की तिच्यावर पाहुण्यांनाच बसवत. पण पुस्तकातलं पान कुणी फाडलं हे त्या बरोबर हुडकून काढत, आणि चोराला चारचौघांत उभं न करता त्याच्याच हातानं ते चिकटवून घेत. म्हणून आबासाहेबांनी पोलिसांऐवजी त्यांना बोलावलं.

आबासाहेब कदम म्हणजे कॉलेजचे इंग्रजीचे प्राध्यापक. दारातच ते घामानं थबथबलेले उभे होते.

"बाई, माझं मुंगूस गेलं!"

त्यांचं मुंगूस म्हणजे काय, हे साऱ्या कॉलेजला पाठ होतं. इंग्रज मुंगसाला 'मोंगूस' म्हणतो. शेवटचं 'गूस' ऐकून तो एखाद्या बदकाचा मावसभाऊ वाटावा. पण इंग्रजाच्या देशात हा प्राणीच नाही, मग शब्द तरी कुठला असणार? तो गेला इकडून. मराठी माणसाच्या तोंडून पोर्तुगीजानं उचलला आणि पुढे इंग्रजाकडे पोचला, इथवर कुणाचंच भांडण नव्हतं. भांडण होतं त्याच्या मागच्या पायरीवर. मराठीला तो कुणी दिला? आबासाहेब म्हणत, कानडीनं. त्यांचे सहकारी प्राध्यापक येमुल म्हणत, तेलुगूनं. या एका शब्दापायी दोघांनी स्टाफरूममधला चहा कितीदा गार केला होता, त्याला गणती नव्हती.

आता आबासाहेबांच्या हाती पुरावा लागला होता. वळसंगच्या धनगराच्या घरातली बनाबाई, माहेर अक्कलकोटच्या पलीकडे कानडी मुलखात. तिच्या आजीकडून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आलेली गाणी अर्धी कानडी, अर्धी मराठी. त्यांतल्या एका गाण्यात हा शब्द आपल्या जुन्या रूपात बसला होता. आबासाहेबांनी माघ महिन्यात वळसंगला जाऊन ती गाणी टेपरेकॉर्डरवर घेतली. दोन रिळं भरली. सोमवारी सकाळी पुण्याहून एक मोठे अभ्यासक ती ऐकायला कॉलेजच्या सभागृहात यायचे होते. त्यांनी मान डोलावली की आबासाहेबांचा त्यावरचा ग्रंथ छापायला जाणार होता.

बाईंनी खोली पाहिली. टेबलावर टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या. शेजारी रिळाचा खोका उघडा पडला होता.

"दोन्ही चकत्या गेल्या?"

"दोन्ही. दुपारी वाजवून बघत होतो, सुरुवातीचं थोडं ऐकलं आणि लाईट गेली. फीत थोडी या चकतीवर, बाकीची त्या चकतीवर, तशीच राहिली. लाईट आल्यावर गुंडाळायला आलो तर हे असं."

बाईंनी कपाट उघडलं. दुसरं रीळ आपल्या खोक्यात सुखरूप होतं. कपाटाला कुलूपही नव्हतं.

"आबासाहेब, मुंगसाचं गाणं कुठल्या रिळात आहे?"

"दुसऱ्या."

बाई येरझारा घालता घालता थांबल्या. "मग चोरानं मुंगूस इथंच ठेवून नेलं तरी काय?"

दोन

पहिल्या रिळात तसं फारसं काही नव्हतं. बोलणाऱ्या बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, माहेर आणि दळणाच्या चार ओव्या. आबासाहेबांचा तसा शिरस्ताच होता. कुणाचाही आवाज घ्यायचा तर त्यानं आधी स्वतःची सगळी ओळख स्वतःच्या तोंडानं सांगितली पाहिजे.

"नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, ही बाई वळसंगची कशावरून? ओळखीशिवाय दुसरं रीळ बेवारशी आहे, बाई. म्हणून तर पहिलं नेलं. हे शिकलेल्या माणसाचंच डोकं! तसं ते रीळ काही फार चांगलं निघालं नव्हतं. सुरुवातीलाच कुणीतरी खोकतंय, मेंढरांच्या घंटा वाजताहेत. ते काढून टाकायचं राहिलं. पण म्हणून काय चोरायचं?"

"शिकलेला माणूस म्हणजे कोण?"

आबासाहेबांनी आवाज खाली आणला. "सिद्धनाथ."

सिद्धनाथ म्हणजे विभागातला तात्पुरता नेमलेला प्राध्यापक. वळसंगला मशीन वाहून नेणारा तोच, गाणी उतरवून घेणाराही तोच. ग्रंथावर आपलंही नाव हवं, असं तो आठवड्यापूर्वी म्हणाला होता आणि आबासाहेबांनी त्याला उडवून लावलं होतं. त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची शिफारस आबासाहेबांच्या सहीवर अडली होती.

"उद्या पाहुणे यायच्या आत रीळ मिळालं नाही, तर ती सही होणार नाही. चोराला मी पोसणार नाही," आबासाहेब म्हणाले.

सिद्धनाथच्या घरी आजारी आई होती, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून भाऊ नुकताच कमी झाला होता, आणि हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. आबासाहेब माणूस वाईट नव्हता. पण एकदा चिडला की समोरच्याचं घर आहे की दार, हे त्याला दिसत नसे.

सिद्धनाथ अंगणात लिंबाखाली बसला होता. बाईंना पाहून तो उठला, पण त्यानं मान वर केली नाही.

"मला काय विचारायचं ते विचारा, मॅडम. सरांनी ठरवलंच आहे."

"लाईट गेल्यावर कोण कुठं होतं, तेवढं सांग."

त्यानं सांगितलं. त्या दुपारी घरात बनाबाई आणि तिचा नवरा कोंडीबाही होते. म्हाताऱ्याच्या छातीच्या दुखण्यासाठी दोघं सोलापुरात आली होती आणि याच गल्लीत भाचीकडे उतरली होती. आबासाहेबांनी त्यांना कौतुकानं जेवायला बोलावलं. येमुल सरही आले होते, कारण भांडण कितीही झालं तरी या घरची शेंगाचटणी त्यांना सुटत नसे. लाईट गेल्यावर आबासाहेब न्हाणीघरात जाऊन अंगावर पाणी ओतत बसले. येमुल सर निघून गेले. सिद्धनाथ सगळ्यांसाठी उसाचा रस आणायला कोपऱ्यावर गेला.

"आणि ती दोघं?"

"कोंडीबा व्हरांड्यात घोंगडं अंथरून पडले होते. बनाबाई बाहेर रस्त्यावर, पायरीवर. मी जाताना तिथं, येतानाही तिथंच. रस दिला तर घेतला नाही त्यांनी. डोळे पुसत होत्या."

"का?"

"कळलं नाही. म्हातारबांनी मात्र घेतला. तोवर त्यांनी घोंगडं अंगावर ओढलं होतं. एका हातानं गळ्याशी धरून दुसऱ्या हातानं रस प्याले. एवढ्या उकाड्यात! ताप चढला असेल."

बाई दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. "सिद्धनाथ, लाईट नसताना फीत गुंडाळता येते?"

"येते की. चकतीत बोट घालून फिरवायची. जरा वेळ लागतो, एवढंच."

"मग तू असतास, तर एकच भरलेली चकती खोक्यात घालून नेली असतीस."

सिद्धनाथनं पहिल्यांदा मान वर केली. मागून आबासाहेब ओरडले, "किंवा मुद्दामच तसं केलं असेल! म्हणजे अडाण्यानं नेलं असं वाटेल!" आणि सिद्धनाथच्या चेहऱ्यावर आलेला उजेड तिथल्या तिथे मावळला.

तीन

दिवेलागणीला बाई येमुल सरांच्या घरी पोचल्या. नरसय्या येमुल म्हणजे विणकराच्या घरातला पहिला प्राध्यापक. त्यांच्या माडीखाली अजून हातमाग खटखटत होता. बाईंना त्यांनी खुर्ची दिली, बाई तिच्यामागे उभ्या राहिल्या.

"मी चोर?" येमुल मोठ्यानं हसले. "अहो, मला मुंगूस मारायचं असतं तर दुसरं रीळ नेलं असतं. आणि ते तरी कशाला? त्या गाण्यातला शब्द मी ऐकलाय. तो तेलुगूलाही तितकाच जवळ आहे. मला तर ते गाणं पाहुण्यांनी ऐकायला हवंय! आम्हाला शोधायचं असतं ते एवढंच, कुठलं रूप आधीचं आणि कुठलं नंतरचं. आबा ते सोडून कुठलं कुणाचं यावर भांडतो."

"तुम्ही निघालात तेव्हा बनाबाई कुठं होत्या?"

"पायरीवर. आत या, ऊन लागेल, म्हणालो. आल्या नाहीत. मशीन सुरू झाल्या झाल्या बाई बाहेर पळाल्या होत्या. आमच्यापैकी कुणाचं लक्षही नव्हतं. लक्ष होतं ते फक्त त्यांच्या म्हाताऱ्याचं. तो ताठ उठून बसला होता."

"मशीन सुरू झाल्या झाल्या म्हणजे नक्की केव्हा? कुठल्या शब्दाला?"

येमुल सरांनी डोळे मिटून आठवलं. "आधी खरखर आणि कुणाचं तरी खोकणं, तिकडे कुणाचं ध्यान नव्हतं. मग बाईंचं स्वतःचं नाव. मग गाव. मग आबाचा आवाज, नवऱ्याचं नाव सांगा म्हणून. तिथं बराच वेळ शांत. तेवढ्यात पळाल्या त्या."

कपाळाला हात लावून बाई स्वतःवरच चरफडल्या. दुपारपासून आपण शब्दाच्या मागे धावत होतो, आणि चोराला शब्दाशी काही देणंघेणंच नव्हतं.

दानम्मांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजच्या कागदावर त्या त्यांचं नाव ठसठशीत लिहीत. पण तोंडानं? तोंडानं त्यांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. एवढी पुस्तकं हाताखालून गेली तरी नाही. धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे खोटं आहे असं त्या दुसऱ्याला सहज पटवून देत आणि स्वतः गप्प बसत. आणि इथे आबासाहेबांनी आपल्या शिरस्त्यापायी एका धनगरणीकडून तेच वदवून घेतलं होतं. वर ते उद्या भरल्या सभागृहात वाजवणार होते.

"येमुल सर," बाई जिना उतरता उतरता म्हणाल्या, "ते रीळ कानडीनंही नेलं नाही आणि तेलुगूनंही नाही."

चार

सकाळी ऊन तापायच्या आत बाई बनाबाईच्या भाचीच्या घरापुढे उभ्या होत्या. बनाबाई दारात चुलीवर पेज ढवळत होती. कपाळावर आडवं कुंकू, नजर खाली. आतून खोकल्याची उबळ आली, लांबलचक, शेवटी शीळ वाजल्यासारखी. बनाबाईचा हात थबकला.

"अक्का," बाई कानडी वळणानं म्हणाल्या, "मी तुम्हाला पकडायला आले नाही. रीळ परत द्या. एका माणसाची नोकरी जातीय."

"मी?" बनाबाईनं पळी खाली ठेवली. "बाई, मी त्या मशिनीला हात लावीन व्हय? भ्या वाटतंय मला तिचं. एकदा बोलले त्ये बोलले. आता ती रोज बोलणार की माझ्या तोंडानं! मी हितं भाकरी थापत बसायची आन् तितं माझं तोंड धन्याचं नाव घेत ऱ्हायचं."

"मग सांगितलंत कशाला?"

"सायेब उठंना की! बोला, बोला, नाव बोलल्याबिगर गानं लागत न्हाय म्हनला. ह्ये मेंढरं घिऊन रानात गेल्यावर बोलले मी, गपकन." तिनं पदर तोंडाला लावला. "माघात बोलले, आन् शिमग्याला ह्यांनी अंथरूण धरलं. डाक्तर आता वळसंगला घिऊन जा म्हंतोय. म्या खाल्लं त्यास्नी, बाई. ह्या तोंडानं."

ही बाई खोटं बोलत नव्हती. शिवाय ती पायरीवरून हललीच नव्हती, हे सिद्धनाथनंही पाहिलं होतं आणि येमुल सरांनीही. दानम्मा मागे फिरल्या, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. बायकोनं नेलं नव्हतं, तर मग त्या नावाचं आणखी कुणाला पडलं होतं?

आतून पुन्हा खोकला आला. बाई जागच्या जागी थांबल्या आणि मग तशाच माघारी आबासाहेबांच्या घराकडे निघाल्या.

पाच

"मशीन उचला," त्या दारातूनच म्हणाल्या, "आणि दोघंही चला माझ्याबरोबर."

सिद्धनाथनं टेपरेकॉर्डर खांद्यावर घेतला. आबासाहेब कुरकुरत मागे निघाले. वाटेत बाईंनी त्यांना सगळं उलगडून सांगितलं.

"चोराला मशीन कळत नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही चकत्या फितीसकट उचलल्या. मुद्दाम दिशाभूल करणारा माणूस उघड्या कपाटातलं दुसरं रीळ सोडत नाही. त्याला हवं होतं फक्त पहिलं, आणि पहिल्यात आहे एक नाव. त्या नावाची भीती असलेली बाई पायरीवरून हलली नाही. राहिला तो, ज्याचं नाव आहे. तो व्हरांड्यात एकटाच होता. अंथरलेलं घोंगडं त्यानं तसल्या उकाड्यात अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत एका हातानं आवळून धरलं. ताप नव्हता तो, आबासाहेब."

कोंडीबा बाजेवर पडला होता. हाडांचा नुसता सापळा उरलेला, मिशा मात्र अजून ताठ. बाईंना काही विचारावंच लागलं नाही. मशीन पाहताच त्यानं उशाखालून घोंगडं ओढलं आणि घडी उलगडली. दोन चकत्या आणि मध्ये गुंतलेली फीत.

"घ्या. चोरी केली म्या."

"कशाला, कोंडीबा?" आबासाहेबांचा आवाज चढला होता तो आपोआप उतरला. "तुमच्याकडे मशीन नाही. करणार काय होता याचं?"

"ठावं हाय की मला. बिनमशिनीचं त्ये मुकंच हाय." म्हातारा दम खाऊन बोलला. "समदा जलम 'अवो' आन् 'ऐकलं का'वर काडला म्या. काल तिनं पयल्यांदा माझं नाव घेतलं. आन् त्ये बी पुरतं ऐकलं न्हाय, तवर लाईट ग्येली. आज तितं समदं गाव ऐकणार, आन् मी वळसंगला मरायला जाणार. म्हनलं, उशाला तरी असू दे."

सिद्धनाथनं खाली बसून फितीचा गुंता सोडवला, ती सुरुवातीपासून गुंडाळली, खोलीतल्या होल्डरला वायर जोडली. बाहेर चुलीपाशी बनाबाईनं दोन्ही कानांवर हात दाबले.

मशीन सुरू झालं. आधी खरखर. मग लांबलचक खोकल्याची उबळ, शेवटी शीळ वाजल्यासारखी.

"ते काढायचं राहिलंय," आबासाहेब ओशाळून पुटपुटले.

"थांबवा!" दानम्मा इतक्या जोरात म्हणाल्या की सिद्धनाथनं झटकन मशीन बंद केलं. "हा कोण खोकतोय?"

"मीच की," कोंडीबा म्हणाला. "मेंढरं सोडत व्हतो, रानात न्यायला."

"तेव्हा खोकला होता तुम्हाला?"

"दिवाळीपासनं हाय. तिला कशापायी घोर लावायचा, म्हनून रानात जाऊन खोकायचो. त्या दिशी मेंढरांच्या वाड्यातच उबळ आली."

बाई तरातरा बाहेर गेल्या आणि बनाबाईचे हात त्यांनी कानांवरून काढले. बनाबाई मागे सरली, पण बाईंनी मनगट सोडलं नाही.

"अक्का, दिवाळीपासून रानात जाऊन खोकताहेत ते. मला एकच सांगा. काय आधी आहे आणि काय नंतर, तेवढंच. नीट ऐका."

सिद्धनाथनं फीत मागे घेऊन पुन्हा लावली. खोकला आला. त्यामागून मेंढरांच्या घंटा, लांब लांब जाणाऱ्या, ऐकू येईनाशा होईपर्यंत. मग बनाबाईचं स्वतःचं नाव. गाव वळसंग. आबासाहेबांचा आवाज. बराच वेळ काहीच नाही. आणि मग घाईघाईनं, जीव मुठीत धरून उच्चारलेलं एक नाव, कोंडीबा.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते. मिशीआड तो हसत होता की काय, ते नीट दिसलं नाही.

बनाबाई दारात तशीच उभी होती. "परत लावा," ती म्हणाली.

सिद्धनाथनं परत लावली. खोकला, घंटा, मग नाव. आबासाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते हळूच म्हणाले, "सिद्धनाथ, कॉलेजात गेल्या गेल्या मी सही करतो. आणि ग्रंथावर नाव दोघांचं राहील."

"सर, फीत तुटेल, जरा बाजूला व्हा," सिद्धनाथ म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

बनाबाई एकदम आत आली, बाजेपाशी. "दिवाळीपासनं?" तिचा आवाज गल्लीत गेला. "आन् मला बोलला न्हाईसा? मी हितं देवाम्होरं नाक घासतीया, ह्या तोंडाला रोज शिव्या देतीया, आन् तुमी रानात जाऊन खोकताय व्हय? लाज वाटत न्हाय?" बोलता बोलता ती बाजेच्या पायाशी बसली आणि ढसाढसा रडली. कोंडीबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला किती दिवस उरलेत, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

दानम्मा हिरेमठ भिंतीला टेकून खाली बसल्या. आपण बसलोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बऱ्याच वेळानं बनाबाईनं डोळे पुसले आणि पेजेचा वाडगा आणून नवऱ्याच्या ओठाला लावला. सिद्धनाथ मशीन उचलून निघाला, तेव्हा मागे न पाहताच तिनं त्याला हाक मारली.

"अवो सायेब, त्ये नावाचं तेवढं तितं लावू नका. मुंगूस लावा, गानी लावा. त्ये तेवढं ह्यांचंच हाय."